हॅनाच्या सफरचंदाचं माहेरपण

अमेरिकेत काय काय पाहिलंत, असं परतल्यापासून जो तो विचारतो. मी ‘एक सफरचंदाचं झाड’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग तो आपणहूनच कुणाकुणाच्या नायगाऱ्याच्या गोष्टी मला सांगू लागतो. लेकीकडे सहा महिने राहून मी एका झाडाला दोनदा भेटून आले, हे खरं आहे. ते झाड कुणाचं, ते एकदा नीट सांगून टाकते.

माझी मुलगी केतकी आणि जावई निखिल पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात, बेलव्ह्यूला राहतात. दोघंही कॉम्प्युटरवाले. मी एप्रिलात गेले. पहिला महिना काचेच्या इमारती, तळी आणि इंडियन स्टोअर यांत गेला. मे अखेरच्या लाँग वीकेंडला निखिलनं जाहीर केलं, “आई, तुम्हाला बिल्डिंगा दाखवून दाखवून मी बोर केलं. आता शेती दाखवतो. ईस्टर्न वॉशिंग्टनमधे एक फार्म स्टे बुक केला आहे. शंभर-दीडशे वर्षांपासून एकाच फॅमिलीचं शेत आहे म्हणते.”

निखिल नागपूरचा. त्याच्या तोंडी शेतसुद्धा ‘म्हणतं’.

“शेत बघायला एवढ्या लांब जायचं? रत्नागिरीला आपल्या दारात काय आहे मग?” मी विचारलं.

“आई, ते शेत दारात नाही, शेतात दार आहे,” केतकी म्हणाली. “मैलोन् मैल काहीच नाही. यू विल लव्ह इट.”

शनिवारी सकाळी निघालो. दशम्या, लसणीची चटणी आणि मुरांबा असा सरंजाम मी बर्फाच्या डब्यात भरला होता. केतकीनं त्यावर नाक मुरडलं आणि पहिल्या तासातच पहिली दशमी तिनंच खाल्ली. रस्ता वर वर चढत खिंडीत आला. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांची हिरवी भिंत आणि माथ्यावर मे महिन्यातही बर्फ. खिंड ओलांडली आणि झाडं एकाएकी संपली. हिरवा अंगरखा कुणी काढून ठेवावा तसा डोंगर उघडा पडला. पुढे कोरडी, करड्या झुडपांची जमीन लागली आणि मग खोल दरीतून वाहणारी कोलंबिया नदी. तिच्या दोन्ही काठांना काळा कातळ होता, अगदी आपल्या सह्याद्रीचा असावा असा. परक्या मुलखात ओळखीचा दगड भेटला म्हणून मला भरून आलं. मी गाडी थांबवायला लावली आणि कातळाला हात लावून आले. निखिलनं माझा फोटो काढला, दगडाचा नाही.

दुपारनंतर त्या प्रदेशात शिरलो ज्याला पलूस म्हणतात. सांगलीजवळच्या पलूसशी याचा काही संबंध नाही, ते मी विचारून घेतलं. आता या टेकड्यांचं वर्णन कसं करावं? नुसत्या गोल, मऊ, उंचसखल टेकड्या, नजर जाईल तिथवर, आणि सगळ्यांवर कोवळा गहू. कुंपण नाही, बांध नाही, माणूस नाही. वाऱ्यानं गहू हलला की अख्खा डोंगर कूस बदलल्यासारखा वाटे. मी आयुष्यभर टपाल खात्यात काउंटरमागे बसले. एवढी मोकळी जागा एकदम पाहून मला दडपायला झालं.

शेतघर पांढरं, लाकडी, दुमजली होतं. शेजारी लाल कोठार. दारात एक उंच, सडपातळ आजी उभ्या होत्या. जीनची विजार, पुरुषी शर्ट, पांढरे केस आखूड कापलेले. ऐंशी ओलांडलेल्या, पण हात असा दाबला की माझ्या बांगड्या वाजल्या. या एडनाबाई, या शेताच्या मालकीण. घरात त्या आणि बिस्किट नावाचा त्यांचा म्हातारा कुत्रा, एवढेच. मी सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या. बिस्किटला तो आहेर वाटला असावा. तासाभरानं एक चप्पल सापडली, दुसरी अजून तिथेच कुठेतरी पुरलेली आहे. उरलेले दोन दिवस मी एडनाबाईंच्या रबरी बुटांत वावरले आणि जावयानं त्याचे भरपूर फोटो काढले.

जेवायला मक्याचा पाव होता आणि वाडग्यात दाट सूप. पहिला घास घेतला आणि मी ओरडलेच, “हे तर मसूर!”

“आमच्याच टेकडीवरचे,” एडनाबाई म्हणाल्या. “इथले बरेचसे तुमच्या देशात जातात.”

म्हणजे आमच्या वाण्याकडून मी जे मसूर आणते, त्यांतले काही इथूनही येत असतील! मग राहवेना. दुसऱ्या दिवशी कांदा-खोबरं भाजून मी त्यांना अख्ख्या मसुराची आमटी करून घातली. त्यांनी दोनदा वाढून घेतली, पण डोळ्यांतलं पाणी पुसत.

त्या पहिल्या संध्याकाळी जेवणानंतर ओसरीवर बसलो. ऊन अजून चांगलंच होतं, तिथे उन्हाळ्यात संध्याकाळ लवकर होतच नाही. भिंतीवर एक जुनं छायाचित्र होतं. दाढीवाला माणूस उभा, बाई खुर्चीत बसलेली, भोवती मुलं. कुणीच हसत नव्हतं.

“माझे पणजोबा जोसाया आणि पणजी हॅना,” एडनाबाई म्हणाल्या. “पूर्वेकडून इथे बैलगाडीनं आले.”

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. सरकार होमस्टेड (राहून, कसून दाखवली तर नावावर होणारी जमीन) देत होतं. जोसायाकडे बैल होते, नांगर होता आणि अंगात रग होती. हॅनाच्या मांडीवर वर्षाची मुलगी होती, लिडिया. निघताना हॅनानं आईच्या परसातल्या सफरचंदाच्या काड्या कापून घेतल्या आणि त्या बटाट्यांत खोचल्या, ओल राहावी म्हणून. गाडीत मिठाचं मांस, पीठ, बी, हत्यारं, आणि पदरात बटाट्यातली काडी. असे इतर कुटुंबांच्या गाड्यांच्या तांड्याबरोबर महिनेच्या महिने चालले. गाडी सामानानं भरलेली, त्यामुळे माणसं बहुतेक पायीच.

वाटेत स्नेक नदीच्या काठानं जाताना लिडियाला ताप आला आणि ती गेली.

“त्यांनी तिला रस्त्यातच पुरलं,” एडनाबाई म्हणाल्या. “रस्त्याच्या कडेला नाही, मधोमध. आणि मग मागच्या सगळ्या गाड्या त्यावरून नेल्या.”

“गाड्या? बाळावरून?” केतकीचा आवाज चिरकला.

“जमीन सपाट व्हावी म्हणून. लांडग्यांनी उकरू नये म्हणून. सगळेच तसं करत. खूण म्हणून काही ठेवायचं नाही.” त्यांनी छायाचित्राकडे पाहिलं. “हॅना गाडीत बसली नाही. ती शेवटच्या गाडीच्या मागून चालत आली, आणि मग मागे वळून पाहिलं नाही. ती जागा कुठली, हे त्यानंतर कुणालाच सांगता आलं नाही.”

चुलीशेजारी बसून ऐकलेल्या कितीतरी कहाण्या मला आठवल्या, पण आईनंच आपल्या लेकराच्या मातीवरून गाड्या जाऊ द्यायच्या, असं दुःख मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढे डोंगर ओलांडताना खाण्याचे हाल झाले. जोसायानं बटाटे मागितले. हॅनानं एक सोडून सगळे दिले. त्या एका बटाट्यातली काडी या टेकडीमागे रानटी सफरचंदाच्या खुंटावर (कलमाला खालून मुळं देणाऱ्या रोपावर) तिनं बांधली आणि ती जगली. पहिल्या उन्हाळ्यात ओढ्यावरून बादलीनं पाणी आणून ते झाड तिनं वाढवलं. इथे जून ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ पडतच नाही, हे तोवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं पहिलं घर म्हणजे टेकडीत खणलेलं एक बीळ, वर गवताच्या ढेकळांचं छप्पर. त्या बिळात त्यांना आणखी मुलं झाली. आणि झाड फळू लागलं तेव्हा हॅनानं पहिलं पिकलं सफरचंद कुणाला खाऊ दिलं नाही. लिडियासाठी म्हणून ते झाडाच्या मुळाशी पुरलं. तेव्हापासून या घरात दर वर्षी पहिलं फळ पुरतात.

आमच्याकडे पहिला आंबा देवाला जातो. मी ते सांगितलं. एडनाबाईंनी मान डोलावली, त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

“एक सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या. “जमीन मोकळी पडली होती, असं माझे आजोबा सांगत. ते खरं नाही. इथे लोक होते. या ओढ्याकाठी ते कॅमसचे कंद खणत. त्यांना हाकललं आणि मग आम्हाला दिली. हॅनाची गोष्ट सांगितली की मी हेही सांगते.” मला त्या बाईंचं हे फार आवडलं. आपल्या घराण्याची थोरवी सांगताना एवढं सांगायला जीभ सहसा रेटत नाही.

सकाळी आम्ही झाड बघायला गेलो. बघितलं आणि माझं तोंड उतरलं. खोड पोकळ, अर्धं वाऱ्यानं फाटून खाली आलेलं. उरलेल्या अर्ध्याची एकच फांदी जिवंत होती, तीही जमिनीकडे झुकलेली, खाली दांडक्याचा टेकू. पण तिच्यावर पानं होती आणि शेंगदाण्याएवढी फळंही.

“अशा चवीचं सफरचंद मी दुसरीकडे कुठे खाल्लं नाही,” एडनाबाई म्हणाल्या. “विद्यापीठातला एक भला माणूस येऊन गेला. त्यालाही जात ओळखता आली नाही. त्यानं हिवाळ्यात काड्या नेऊन कलमं केली, सगळी मेली. काड्यांतच जीव नाही म्हणाला. मी गव्हाच्या कापणीनंतर बोइसीला जाते आहे, मुलीकडे. एकटीनं राहू नकोस म्हणतात सगळे. शेत शेजारचा रँडी बघेल. हे झाड पुढचा हिवाळा काढणार नाही. मला त्याचं एक रोप बरोबर न्यायचं होतं, बाकी काही नको होतं.”

हे बोलताना त्यांचा आवाज तसाच कोरडा होता, पण हात झाडाच्या सालीवरून निघत नव्हता.

मागच्या ओसरीत त्या विद्यापीठवाल्यानं परत पाठवलेल्या कुंड्या होत्या. विद्यापीठाच्या कलमांच्या काड्या मेल्या, खाली खुंटांना मात्र पालवी फुटली होती. टाकवत नाहीत म्हणून एडनाबाईंनी ठेवले होते. ते कोवळे खुंट पाहिले आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

माझ्या वडलांची आंब्याची रोपवाटिका होती. नोकरी लागेपर्यंत माझे पावसाळे कलमं बांधण्यात गेले. तेव्हा भेट कलम करत. त्यात मोठ्या झाडाची काडी कापून आणतच नाहीत. खुंटाचं रोप कुंडीसकट झाडावर चढवायचं, माच (फळ्यांचा मांडव) बांधून झाडाच्या कोवळ्या फांदीशी ठेवायचं. दोघांची साल एकेका बाजूनं तासायची आणि जखमेला जखम लावून बांधून टाकायचं. काडी आईवरच राहते, आईच तिला पाजत असते. दोघांचं एकजीव झालं की मगच आईपासून तोडायचं. वेळखाऊ काम, म्हणून आता फारसं कुणी करत नाही.

“काडीत जीव नसेल तर आई देईल की,” मी म्हटलं.

“आई, ते मँगोजसाठी असतं ना? अॅपलला वर्क होईल?” केतकीनं विचारलं.

“मला काय माहीत! मी सफरचंदाचं झाड आत्ता पहिल्यांदा बघते आहे.”

एडनाबाईंना केतकीनं सगळं समजावून सांगितलं. त्या बराच वेळ फांदीकडे बघत राहिल्या. “नाही जमलं तर?”

“दोन डहाळ्या जातील. फांदी राहील,” मी म्हणाले. तेवढं मला नक्की ठाऊक होतं.

“मग करा,” त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातली छोटी सुरी दगडावर घासायला बसल्या.

दोन पिंपांवर फळी टाकून निखिलनं माच केला, वर दोन कुंड्या ठेवल्या. चाळीस वर्षांनी हातात कलमाची सुरी! पहिला काप घेण्याआधी मी सुरी खाली ठेवून पाणी प्याले. मग बोटांनाच आठवलं. साल निघाली, आतलं ओलं पांढरं लाकूड दिसलं, जखमेला जखम बसली. बांधायला केळीचं सोपट कुठलं मिळायला? जुन्या पलंगपोसाच्या पट्ट्या फाडून बांधलं.

“आता शेण आणा,” मी म्हटलं.

“आई! प्लीज!” केतकी.

“लिंपायला नको का?”

एडनाबाईंकडे गुरं नव्हती, रँडीकडे होती. निखिल बादली घेऊन गाडीनं गेला आणि नाक धरून परत आला. “त्यानं विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हटलं, सासूबाईंनी मागवलं. बस, मग पुढे काहीच विचारलं नाही त्यानं. दोन बादल्या देऊन राहिला होता.”

एडनाबाई तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. शेण-माती कालवून मी दोन्ही सांधे लिंपले, अगदी वडील लिंपत तसे, आणि सांगितलं, “आता हात लावायचा नाही. कुंडीला पाणी फक्त घाला.” पाण्याची नळी तिथवर पोचत नव्हती. “बादली आहे,” एडनाबाई म्हणाल्या. टेकडीच्या त्या चढावरून त्या रोज बादली आणणार, हे ऐकून मला अवघडल्यासारखं झालं, पण त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

निघताना त्यांनी सुरी धुऊन फडक्यात गुंडाळली आणि खणात वेगळी ठेवली. बेलव्ह्यूपर्यंत माझा जीव त्या फांदीवरच टांगलेला होता.

जुलैत त्यांचा फोन आला. एक कलम वाळलं होतं. चूक माझीच होती. आमच्याकडे कलम बांधतात ते धो धो पावसात. शेणमातीचं लिंपण महिनोन् महिने ओलं राहतं, कुणाला हात लावावा लागत नाही. इथल्या कोरड्या वाऱ्यात लिंपण तडकून ढलप्या पडल्या आणि सांधा उघडा पडला. पाऊस आपोआप पडतो, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की तो नसेल तर काय, हा विचारच शिवला नाही. हॅनाची गोष्ट आदल्याच संध्याकाळी ऐकूनसुद्धा!

“आणि दुसरं?” मी घाबरत विचारलं.

“त्याचं तुमचं शेण मी धुऊन टाकलं,” एडनाबाई म्हणाल्या. “रागावू नका. हात लावू नका म्हणाला होतात. पण तडा दिसला, तेव्हा गोणपाट ओलं करून गुंडाळलं. सकाळ-संध्याकाळ भिजवते. त्याला नवं पान आलं आहे.”

मी रागावणार? फोन ठेवून मी केतकीला मिठीच मारली. तिची मीटिंग चालू असताना.

सप्टेंबरात पुन्हा गेलो. टेकड्या ओळखूच येईनात. गहू कापून झालेला, सगळीकडे सोनेरी धसकटं आणि त्यावर धूळ उडत होती. हिरवेपणात जितकी दडपले होते तितकीच त्या सोनेरी उजाडपणातही दडपले. एवढी जमीन दोन बैलांनी कुणी फोडायला घेतली, आणि तीही बाळ मागे ठेवून आल्यावर! मला तर परसातलं अळू काढायचं म्हटलं तरी कंबर आठवते.

घरात खोकी भरून ठेवली होती. भिंतीवरचं छायाचित्र उतरलेलं होतं. एडनाबाई थोड्या वाकल्यासारख्या वाटल्या, पण मला हात धरून थेट झाडाकडे घेऊन गेल्या. मी गोणपाट सोडलं. सांधा भरून आला होता, बोटाच्या पेराएवढा गाठाळ, घट्ट. मी तो किती वेळ चाचपत बसले कोण जाणे.

त्या दिवशी पहिलं फळ पिकलं होतं. लहान, पिवळट, एका गालावर लाली. एडनाबाईंनी ते तोडलं, मला हुंगायला दिलं आणि आम्ही दोघींनी खुरपं घेऊन मुळाशी पुरलं. दुसरं फळ मात्र चिरून चौघांनी खाल्लं. आंबट, मग गोड, मग किंचित तुरट. केतकी म्हणाली, “ओह माय गॉड, आई.” मला याहून चांगलं वर्णन सुचत नाही.

भेट कलम एका घावात तोडत नाहीत. मी खुंटाचा शेंडा छाटला आणि आईकडच्या बाजूनं डहाळीला अर्धा छेद दिला. उरलेलं आठवड्यानं तोडायचं, तोवर रोपानं आपल्या मुळांवर प्यायला शिकायचं. मला तिथे आठवडाभर थांबता येत नव्हतं, केतकी-निखिलला सोमवारी कामावर जायचं होतं. “उरलेला काप तुम्ही द्या,” मी एडनाबाईंना दाखवलं, “इथे, सांध्याच्या खाली.” त्यांनी मान हलवली. हात मात्र खिशातच होते.

आठवडा गेला, दहा दिवस गेले. फोन नाही. शेवटी मीच केला.

“कापलं नाही,” त्या म्हणाल्या. “रोज सुरी घेऊन जाते आणि परत येते. तिला आईपासून तोडायचं, गाडीत घालायचं आणि न्यायचं. आमच्या घरात हे एकदा झालं आहे, शालिनी.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मग वडलांची एक रीत आठवली.

“आमच्याकडे तोडलेलं कलम लगेच न्यायचं नाही,” मी म्हटलं. “पंधरा दिवस आईच्याच सावलीत ठेवायचं. लग्न झालेली मुलगी सणाला आईकडे येते. चार दिवस तिला काम नाही, नुसतं खायचं आणि झोपायचं. वडील म्हणत, कलमालाही तेवढं माहेरपण हवं. मग ते कुठेही जगतं.”

पलीकडे बिस्किट भुंकला.

“पंधरा दिवस माझ्याकडे आहेत,” एडनाबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी त्यांनी फोटो पाठवला. झाडाखाली तोडलेल्या कलमाची कुंडी, शेजारी खुर्ची, खुर्चीवर चहाचा कप. फोटोत त्या स्वतः नव्हत्या, फक्त गवतावर त्यांची सावली होती.

विमानतळावर केतकी रडली आणि मीही. दर वेळी ठरवते की रडायचं नाही. सहा महिने लेकीनं मला काही काम करू दिलं नव्हतं. सगळं उलटंच झालं होतं, माहेरपण माझं झालं होतं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत बुटांचे बंद सोडताना मला हॅनाची आठवण झाली. शेवटच्या गाडीच्या मागून ती चालली आणि वळली नाही. मी मात्र वळून वळून पाहिलं, रांग अडली तरी पाहिलं. ज्यांना पाहता येतं त्यांनी पाहून घ्यावं.

रत्नागिरीला परतून थोडे दिवस झाले होते. कामवाल्या ताईंना अमेरिकेच्या गमती सांगत मी परसात उभी होते, तेवढ्यात बोइसीहून फोन आला. एडनाबाई मुलीच्या घरी पोचल्या होत्या. कुंडी सगळ्या प्रवासात मांडीवर होती.

“झाड लावलं,” त्या म्हणाल्या. “मुलीच्या घरामागे. येताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इतकी वर्षं मी या रस्त्यानं मुलीकडे जाते-येते, पण कधी डोक्यात आलं नव्हतं. आम्ही डोंगर उतरलो, मग स्नेक नदी. शालिनी, ही हॅनाचीच वाट आहे, उलटी. बैलगाड्यांची ती जुनी वाट मुलीच्या गावातूनच जात होती.”

मी पायरीवर बसले.

“लिडिया नेमकी कुठे आहे, ते कुणालाच कळायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पण हॅनाचं झाड तिच्याकडे परत आलं. आता पहिलं फळ पुरीन ते तिच्या जवळपास कुठेतरी असेल.”

“फळाला वेळ लागेल,” मी सांभाळून म्हटलं. “चार-पाच वर्षं तरी.”

“मग थांबायला हवं,” एडनाबाई म्हणाल्या, आणि झाडाला पाणी घालायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.